निरीक्षण क्रमांक त्रेसष्ट

"ह्यांना लायसन देणारा माणूस मला एकदा बघायचाय," खराडेसाहेब म्हणाले आणि त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही.

समोर मोरजाईच्या घाटाचा चढ होता आणि चढावर दोन ट्रक होते. डावीकडच्यात फरश्या, उजवीकडच्यात लोखंडी सळया. सळयांचा ट्रक फरश्यांच्या ट्रकला ओव्हरटेक करत होता. म्हणजे ताशी दहाच्या वेगानं जाणाऱ्याला ताशी बाराच्या वेगानं जाणारा मागं टाकत होता. लग्नात दोन जाडजूड मामा मांडवाच्या दारातून एकदमच आत शिरायला बघतात, दोघांतला एकही मागं सरत नाही आणि मागं अख्खी वरात ताटकळते, तसं ते दृश्य होतं. चढाच्या बाजूला पदर दोनच, आणि दोन्ही भरलेले.

"शिक्षण नाही साहेब," मी म्हणालो. "दोन आणि दोन चार करता येत नाहीत आणि हातात सोळा टन."

"सोळा टन आणि अक्कल शून्य."

आम्ही हसलो. मी जरा जास्त हसलो, कारण गाडी त्यांची होती.

खराडेसाहेब आमच्या शिक्षण संस्थेचे चिटणीस. गाडी नवी, पांढरी. दसऱ्याला तिची पूजा झाली तेव्हा नारळ मीच फोडला होता. मी घाटाच्या पायथ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, वय चौपन्न. त्या दिवशी शाळेची दोन मुलं जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला चालली होती. मॉडेल चार फुटी फळीवर बांधलेलं, त्यामुळं ते आणि मुलं महादू चिकणेच्या जीपमध्ये बसली. शिक्षकानंही तिथंच बसायचं असतं. पण निघताना साहेबांनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, सर, तुम्ही इकडं या, मुख्याध्यापक दीड वर्षानं रिटायर होतायत, जरा बोलू. मी मुलांकडं वळूनसुद्धा न बघता आत बसलो. जीप आमच्या मागं पाच-सहा गाड्या सोडून येत होती.

आणि मॉडेलचा विषय हाच होता. 'घाटातील वाहतूक कोंडी : कारणे व उपाय.'

विषय माझा, कल्पना माझी. उतरती फळी, तिच्यावर काड्यापेटीचे ट्रक. वरच्या टोकाला हातानं फिरवायचा दांडा आणि त्यावर दोन रिळं, एक जाड, एक बारीक. दांडा फिरवला की जाड रिळाचा दोरा ट्रकला भरभर ओढायचा आणि बारीक रिळाचा हळूहळू. मागं खोडरबराच्या डब्यांच्या मोटारी. ओव्हरटेक करणारा ट्रक मी मुद्दाम लाल रंगवून घेतला होता. गुन्हेगार लांबूनही ओळखू यावा म्हणून.

मुलांना उत्तर सांगायचं नाही, विचारायचं, असा माझा लौकिक होता. एक नियम मी तीस वर्षं प्रत्येक वर्गाला घोकून घेतला होता : जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही. त्या नियमानं नववीतली यास्मिन शिकलगार आणि प्रल्हाद जगदाळे चार रविवार मोरजाईच्या देवळाच्या ओट्यावर बसून खालच्या रस्त्याची टिपणं घेत होते. वहीत रकाने मी आखून दिले होते. वेळ, वाहन, नंबर, काय केलं, मागचे किती वेळ थांबले. बासष्ट निरीक्षणं झाली. अक्षर सगळं यास्मिनचं. प्रल्हादला डोळे चांगले होते, तो नंबर वाचून सांगायचा.

पाचव्या आठवड्यात यास्मिन प्रयोगशाळेत वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, कोंडी ट्रकनं होत नाही."

"मग कुणी केली, मोरजाईनं?"

प्रल्हाद हसला. ती हसली नाही. तिनं सांगितलं की भरलेला ट्रक चढावर एका गिअरला, एका लयीत चाललेला असतो. पुढचा त्याच्याहून हळू असला तरी हा त्याच्या मागं रेंगाळू शकत नाही, कारण वेग तुटला की चढावर गाडी परत उचलत नाही. म्हणून त्याला बाजूनं जावंच लागतं. दोघांनाही ते ठाऊक असतं. आणि मागचं टोक सुटलं की ज्याला मागं टाकलं तोच खिडकीतून हात काढून सांगतो, की झालं, आता ये डावीकडं.

"ते हातवारे होय?" मी म्हणालो.

"हातवारे नाहीत सर. बासष्टपैकी अठ्ठावन्न वेळा मागच्यांनी दोघांना जाऊ दिलं. प्रत्येक वेळी रांग दीड-दोन मिनिटांत मोकळी झाली. चार वेळा तासाच्या वर कोंडी झाली. चारी वेळा मधे कार घुसली होती."

"आणि ती कार कुठं गेली?"

"निघून जाते सर. ज्याच्यामुळं कोंडी होते तो कोंडीत सापडतच नाही. तो पुढं गेलेला असतो. म्हणून त्याला कधी कळतच नाही."

मी विचारलं की हे तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, गिअरचं अब्बांनी, बाकीचं वहीत आहे. तिचे वडील ट्रक चालवायचे.

मी मुलांवर कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. शांतपणे, हसतमुखानं म्हणालो, "वडील ट्रक चालवतात म्हणून विज्ञान ट्रकच्या बाजूनं होत नाही, यास्मिन."

दारात आठवीची पोरं उभी होती, ती हसली. तिनं वही मिटली. मग मी तक्त्यावर लाल अक्षरात निष्कर्ष लिहिला : अवजड वाहनांचे बेशिस्त ओव्हरटेकिंग हेच कोंडीचे प्रमुख कारण. 'हेच' खाली दोन रेघा.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, की परीक्षकांना ती चार निरीक्षणं सांगू का. मी म्हटलं, विचारलं तर सांग. ती म्हणाली, "वही बघितली तर विचारतीलच, सर." पहिल्या दोन क्रमांकांना राज्याच्या प्रदर्शनाला जायला मिळणार होतं आणि प्रल्हादचं सगळं ध्यान त्यावर होतं. यास्मिनला एवढंच हवं होतं, की कुणीतरी मोठ्या माणसानं ती चार निरीक्षणं हसल्याशिवाय ऐकावीत. त्यासाठी तिनं चार दिवस घरी आरशापुढं तयारी केली होती, हे मला प्रल्हादनं सांगितलं. मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

तर, घाटात. खराडेसाहेबांचा तळहात हॉर्नवर. मी तोंडी हिशेब केला. दोन किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. दोन ट्रकची लांबी आणि मधलं अंतर धरून चाळीस मीटर. "ऐंशी सेकंद लागतील, साहेब."

"ऐंशी सेकंद म्हणजे कमी असतात काय, मास्तर? ह्या लोकांसाठी आपण ऐंशी सेकंद का द्यायचे?"

मला हे अगदी पटलं. आपला वेळ आणि ह्या लोकांचा वेळ एका तागडीत कसा घालायचा? आपण प्रदर्शनाला चाललेलो, ते फरश्या पोचवायला. ह्या फरश्यांवर उद्या कुणीतरी पाट मांडून जेवणार आहे, एवढा साधा विचारसुद्धा त्या गाडीतल्या दोन शिकलेल्या डोक्यांत आला नाही.

आम्ही डावीकडच्या पदरात, फरश्यांच्या ट्रकच्या थेट मागं होतो. साहेबांनी डावीकडं मान वाकवून साइडपट्टीकडं बघितलं आणि विचारलं, "काय वाटतं?"

डावीकडं मी बसलो होतो. काच खाली करून मी डोकं बाहेर काढलं. खडीची पट्टी, पलीकडं गटार. मी नजरेनं माप घेतलं. गाडी साडेपाच फूट, पट्टी सहा फूट, थोडी वरच. आयुष्यभर मुलांना अंदाज आणि मोजमाप यातला फरक शिकवला होता, त्याचा त्या दिवशी फार उपयोग झाला.

"बसते, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी गाडी खडीत घातली. दगड खालून तडतडले. फरश्यांच्या ट्रकची चाकं साहेबांच्या खिडकीला भिडल्यासारखी फिरत होती. घुसण्याच्या आधी क्षणभर त्या ट्रकच्या उजव्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि पुढं जा म्हणून हलला होता. साहेब म्हणाले, "बघा, गप्पा मारतायत." मी म्हणालो, "तेवढं मात्र जमतं."

आम्ही फरश्यांच्या ट्रकच्या तोंडापुढं निघालो आणि झपकन रस्त्यावर आलो. तेव्हा उजवीकडून एक मोठा हॉर्न झाला, ब्रेकचा फुस्स असा आवाज आला आणि मागं काहीतरी जड वस्तू घसरल्यासारखी खरडली. साहेबांनी आरशात बघितलं.

"झोपला होता वाटतं," ते म्हणाले.

मी मागं वळून बघितलं नाही. पुढचा रस्ता असा मोकळा होता की बघत राहावं. माथ्यापर्यंत एक गाडी नाही. साहेबांनी काच खाली केली, एक हात बाहेर टाकला आणि मोठं तत्त्वज्ञान सांगितलं.

"रस्ता मोकळाच असतो, गुरवसर. हे लोक असतात म्हणून अडतं."

दहाला आम्ही जिल्ह्याच्या गावी पोचलो. एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमचं टेबल सत्ताविसावं. त्यावर शाळेचं नाव लिहिलेलं कार्ड आणि पांढरा कागद. मी कार्ड सरळ केलं. साहेब शिक्षणाधिकाऱ्यांना भेटायला गेले. अकराला परीक्षक फिरायला लागणार होते आणि एकला बंद.

साडेदहा वाजले, अकरा वाजले. जीप आली नाही. शेजारच्या टेबलावर एका मुलानं पाण्याचं कारंजं सुरू केलं. साडेअकराला मी हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात घाटातून मोटारसायकलवर आलेला एक शिक्षक भेटला. त्यानं सांगितलं, घाट बंद आहे, ट्रक आडवा झालाय, मी कडेकडेनं कसाबसा निघालो.

"वाटलंच," मी म्हणालो. खरंच म्हणालो. आणि मला त्यात समाधानसुद्धा झालं, कारण माझा निष्कर्ष सिद्ध झाला होता.

बाराच्या सुमाराला परीक्षक आमच्या टेबलाशी आले. एक प्राध्यापक बाई आणि एक रस्ते बांधणारे निवृत्त इंजिनिअर. रिकामं टेबल बघून ते थांबले. तोवर साहेबही आले होते. त्यांनी सगळं सांगितलं. आमचं मॉडेल वाहतूक कोंडीवर आहे आणि तेच कोंडीत अडकलंय. इंजिनिअर हसले. साहेबांनी मग ट्रकवाल्यांवर दहा वाक्यं बोलून घेतली. त्यांच्या आईबापांपासून त्यांच्या दारूपर्यंत. आजूबाजूचे शिक्षक जमले, माना डोलावू लागले. हा विषय असा आहे की त्यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मीही बोललो. हवेत बोटांनी फळी काढून दाखवली, रिळं दाखवली, लाल ट्रक दाखवला. तक्त्यावरचा निष्कर्ष पाठ म्हटला. चांगलं बोललो असेन, कारण दोन-तीन जण 'वा' म्हणाले. मग मी विनंती केली, की मुलांचा काही दोष नाही, माझ्या सांगण्यावरून गुण द्यावेत.

बाई म्हणाल्या, "सर, नियमच आहे. मुलांनी स्वतः सांगायचं असतं. तुमचं म्हणणं कळलं, पण मुलांनी काय बघितलं ते मला कसं कळणार?"

इंजिनिअरांनी विचारलं, "मुलांची निरीक्षणवही आहे का?"

"ती मुलांकडंच आहे," मी म्हणालो.

ते पुढच्या टेबलाकडं गेले.

जीप पावणेदोनला आली. टेबलं उचलायला सुरुवात झाली होती. प्रल्हाद आणि महादूनं फळी आत आणली, यास्मिननं काड्यापेटीच्या ट्रकची पिशवी. प्रल्हादचे डोळे सुजले होते. सर, ट्रक आडवा झाला होता, तो हुंदका देत सांगू लागला, क्लच जळला, क्लीनरनं चाकांखाली दगड लावले, मग मागनं दुसरा ट्रक आणून बांधला, तरी निघेना, मग क्रेन आली.

"माहीत आहे," मी म्हणालो. "ही जमातच तशी." आणि मग मी यास्मिनकडं बघितलं. तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. "बघितलंस? हा तुझा ट्रकवाला."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. एकेक ट्रक बाहेर काढला आणि फळीवर लावला, परीक्षक यायचेत असे. लाल ट्रक सगळ्यात शेवटी. मग म्हणाली, "तुमची गाडी नीट पोचली ना, सर?"

"पोचली की."

"बरं झालं," ती म्हणाली.

साहेब जेवायला शिक्षणाधिकाऱ्यांकडं थांबले. मला जीपमधून परतावं लागलं. महादूच्या शेजारी मी, माझ्या आणि दरवाज्याच्या मधे यास्मिन, मागं फळी आणि फळीवर डोकं टेकून झोपलेला प्रल्हाद.  गाव सुटलं तसा महादू बोलायला लागला. माझ्याशी नाही, रस्त्याशी बोलत असल्यासारखा.

"सळ्यांचा ट्रक व्हता. चांगला निघाला व्हता. टोक सुटलं, ह्यानं हात दावला, त्यो डावीकडं यायला लागला, आन कडंनं एक पांढरी गाडी उंदरागत घुसली बगा. मंग काय करील त्यो? हानला ब्रेक. आडवा झाला. चढावर आडवा झाला म्हंजी संपलं." त्यानं गिअर बदलला. "तीन तास चाळीस मिनटं. तीन ॲम्ब्युलन्सा मागं फिरल्या. आता ती गाडी कुणाची व्हती ते काय आपल्याला ठावं न्हाई बुवा. आपन अडाणी मानूस."

त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

  थोड्या वेळानं मी यास्मिनकडं वही मागितली. ती द्यायला तिनं जरा वेळ लावला.

वही घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, असं मीच शिकवलं होतं. शेवटच्या पानावर, हादरत्या नाही तर थांबलेल्या जीपमध्ये लिहिल्यामुळं एकदम सुबक अक्षरात, नवी ओळ होती.

निरीक्षण क्र. ६३. वेळ : ९.१४. वाहन : कार, पांढरी. काय केले : डाव्या साइडपट्टीवरून येऊन ट्रकपुढे घुसली. ट्रक आडवा झाला. कार थांबली नाही. मागचे किती वेळ थांबले : ३ तास ४० मिनिटे.

नंबरचा रकाना कोरा होता.

मी मागची पानं उलटली. बासष्ट निरीक्षणं, बासष्ट नंबर. पावसातलं एक होतं, त्यातही चार आकडे होते आणि पुढं 'पुसट' असं लिहिलं होतं. एकही रकाना कोरा नव्हता.

"नंबर दिसला नाही का?" मी विचारलं.

"दिसला, सर."

"मग?"

ती समोर बघत होती. "नंबर लिहिला असता तर परीक्षकांनी वाचला असता."

त्या मुलीचं मी पोरांसमोर हसं केलं होतं, तिच्या बापाच्या धंद्यावरून. आणि तिनं ज्या एका जागी मी सापडलो होतो ती जागा झाकून ठेवली होती. परीक्षकांपुढं तिला तिच्या चार निरीक्षणांना पाचवं जोडायची संधी मिळाली असती, तरीसुद्धा ती हा रकाना कोराच ठेवणार होती. एवढं मोठं मन माझं चौपन्न वर्षांत झालं नव्हतं आणि पुढंही होईल असं दिसत नव्हतं.

मी तिच्याकडून पेन घेतलं आणि नंबर लिहिला. मला पाठ होता. नारळ फोडताना मी त्या पाटीवर पाणी शिंपडलं होतं.

मग मी म्हणालो, "आणखी एक लिही. साइडपट्टीचं माप कारमधल्या शिक्षकानं घेतलं. 'बसते' असं तोच म्हणाला."

यास्मिननं पेन घेतलं नाही. थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते मला दिसलं नाही, सर. मी कसं लिहू?" आणि मग, अगदी मी बोलतो तशा शांत आवाजात, "तुम्हाला दिसलं असेल तर तुम्ही लिहा."

महादूनं जीपचा वेग कमी केला. बहुतेक अक्षर नीट यावं म्हणून. मी लिहिलं.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात ती वही मॉडेलशेजारी उघडी ठेवली, त्याच पानावर. निष्कर्षाचा तक्ता नवा होता आणि तो यास्मिननं लिहिला होता. खराडेसाहेबांनी पान वाचलं, परत वाचलं, आणि चहा न घेता निघून गेले. मुख्याध्यापक कोण झालं नाही हे सांगायची गरज नाही. साहेबांच्या गाडीत मी त्यानंतर कधी बसलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय.

घाट उतरताना ती कोंडीची जागा आली. आमचा रस्ता उतरणीचा, दुभाजकाच्या अलीकडं. पलीकडं चढाचा रस्ता, आता वाहता. आणि डाव्या पदराच्या बरोबर मधे चार मोठे दगड. क्लीनरनं चाकांखाली लावलेले. ट्रक गेला, दगड तिथंच राहिले. येणाऱ्या गाड्या त्यांना बघून कचकन वळत होत्या.

"हे मातर त्यांचं पाप," महादू म्हणाला. "गाडी उचलली की दगुड इसरतात. भाडखाऊ."

यास्मिन म्हणाली, "हे वेगळं निरीक्षण आहे मामा, वेगळं लिहू." तिनं तेही लिहिलं. चौसष्ट. ट्रकवाल्यांच्या विरुद्ध होतं, तरी अक्षर तितकंच सुबक.

मी महादूला जीप थांबवायला सांगितली. दुभाजकात पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून पलीकडं गेलो. गाड्यांमधलं अंतर बघून, ह्या वेळी दोनदा बघून, रस्त्यावर उतरलो आणि पहिला दगड उचलला. जड होता. कडेला नेऊन टाकला. दुसरा टाकला. तिसरा उचलता येईना, म्हणून ढकलत नेत होतो, तेवढ्यात एक राखाडी कार माझ्यापुढं येऊन थांबली. थांबली म्हणजे तिला थांबावं लागलं. तिनं हॉर्न वाजवला. मी हातानं खूण केली, की एक मिनिट. तिच्या मागं एक टेम्पो थांबला, त्यामागं एसटी.

कारमधल्या गृहस्थानं काच खाली केली. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा. शिकलेला दिसत होता.

"ओ काका, भर रस्त्यात काय खेळताय?" तो म्हणाला. "तुमच्यासारख्या अडाण्यांमुळंच इथं रोज ट्रॅफिक होतंय. कळतं का?"

 दगड ढकलत कडेला नेला. तो खडीत चाक घालून, मला घासून गेला. मागं टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि तो पार चौथ्या दगडावर चढता चढता राहिला. टेम्पोतला पोरगा खाली उतरला, चौथा दगड त्यानं एका हातानं उचलला आणि गटारात फेकून दिला. माझ्याकडं बघून मान हलवली आणि गेला.

मी जीपमध्ये परत आलो तेव्हा हात खरचटले होते आणि शर्टला चिखल लागला होता. यास्मिन वहीत वाकून लिहीत होती. मी मान वळवून बघितलं. निरीक्षण क्र. ६५. वाहन : कार, राखाडी.

नंबरचा रकाना तिनं ह्या वेळी सगळ्यात आधी भरला होता.